‘अस्मिता’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ : एका संज्ञेची चिकित्सा

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात एके काळी जातिसंस्था, कुटुंबसंस्था व ग्रामसमाज ह्या विषयांना जे स्थान होते, ते आता बऱ्याच अंशी ‘अस्मिता’ ह्या विषयाकडे आले आहे. एम. ए. च्या लघुप्रबंधांपासून पीएच. डी. च्या प्रबंधांपर्यंत प्रादेशिक अस्मिता, भाषिक अस्मिता, दलित अस्मिता, स्त्रियांची अस्मिता अशी शीर्षके वारंवार आढळतात. विषयाच्या महत्त्वाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि ज्या संज्ञेच्या आधारे हा अभ्यास चालतो ती संज्ञा आणि ज्या रीतीने त्यासाठी सामग्री गोळा केली जाते ती रीत, ह्या दोहोंची चिकित्सा अद्याप व्हावी तशी झालेली नाही. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञानाचे आहे, समाजशास्त्राचे नव्हे. म्हणून येथे समाजशास्त्रीय सिद्धांतांची उलटतपासणी करण्याचा हेतू नाही. मराठीत बोलणाऱ्या माणसांचा अभ्यास करताना त्यांच्या बोलण्यातील कोणता पुरावा आपल्या हातून निसटतो, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

१

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘अस्मिता’ हा शब्द ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’ ह्या क्रियारूपाला भाववाचक प्रत्यय लागून बनलेला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता ही पाच क्लेशांपैकी एक आहे. पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच आहेत असा जो भ्रम होतो त्याला तेथे अस्मिता म्हटले आहे. अर्थात साधकाने जिच्यातून सुटावयाचे ती गोष्ट म्हणजे अस्मिता. विसाव्या शतकात ह्या शब्दाचे मूल्य उलटले. गुजरातीत कन्हैयालाल मुनशी ह्यांनी ‘गुजरातची अस्मिता’ ही कल्पना लोकप्रिय केली. मराठीतही आज ह्या शब्दाने स्वत्वाची अभिमानपूर्वक जाणीव असाच अर्थ व्यक्त होतो. क्लेशाचा अभिमान झाला, आणि पुढे त्याच शब्दावर एका पाश्चात्त्य समाजशास्त्रीय संज्ञेच्या भाषांतराचे ओझे आले.

ती पाश्चात्त्य संज्ञा म्हणजे ‘आयडेंटिटी’. तिच्या मुळाशी ‘तोच’, ‘तेच’ ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. एरिक एरिक्सन ह्यांच्या १९५० च्या व १९६८ च्या ग्रंथांनंतर ती मानसशास्त्रातून सामाजिक शास्त्रांत सर्वत्र पसरली. येथे हे लक्षात घेणे अवश्य आहे की ‘आयडेंटिटी’ ह्या शब्दात अभिमान अनुस्यूत नाही. पोलिसाने विचारलेली ओळख, कचेरीतील दाखला, मनुष्याची स्वतःविषयीची समजूत आणि समूहाचा राजकीय दावा ही सर्व त्या एका शब्दात बसतात. मराठीत मात्र ह्यांसाठी ‘ओळख’, ‘स्वत्व’, ‘तादात्म्य’ आणि ‘अस्मिता’ असे निरनिराळे शब्द उपलब्ध असून त्यांतील सर्वांत अभिमानी शब्द आपण शास्त्रीय संज्ञा म्हणून निवडला. परिणाम असा की ज्याला अभिमान वाटत नाही, किंवा अभिमान परवडत नाही, त्याच्याजवळ अस्मिताच नाही असा निष्कर्ष संशोधनाच्या प्रारंभीच शब्दात दडून बसतो.

रॉजर्स ब्रूबेकर व फ्रेडरिक कूपर ह्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ‘आयडेंटिटी’ ह्या संज्ञेवरच आक्षेप घेतला होता. लोक जी संज्ञा व्यवहारात वापरतात तीच विश्लेषणाची संज्ञा म्हणून जशीच्या तशी उचलली, तर विश्लेषण हे त्या व्यवहाराचाच एक भाग होऊन बसते, हा त्यांच्या आक्षेपाचा एक मुख्य धागा. हा आक्षेप मान्य करावा की नाही हे ठरविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ह्या शहराच्या इतिहासातच त्याची कसोटी आहे.

२

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. निजामाचे राज्य १९४८ साली संपुष्टात आले, १९५६ साली हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी उच्च शिक्षणाची ही संस्था येथे उभी राहिली. त्यामुळे तिच्या नावातील ‘मराठवाडा’ हा शब्द अनेकांना केवळ भौगोलिक वाटत नव्हता. दुसरीकडे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या द्वारे १९५० साली ह्याच शहरात महाविद्यालय काढले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ज्यांच्या घराण्यात पूर्वी अक्षरओळख नव्हती अशी मुले तेथे पदवीधर झाली. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे, ही मागणी ह्या पार्श्वभूमीवर पुढे आली. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला, आणि त्यापाठोपाठ मराठवाड्याच्या अनेक गावांत दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळण्यात आली, माणसे मारली गेली. प्रश्न सुटावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला.

त्या सोळा वर्षांच्या वादात ‘अस्मिता’ हा शब्द कोणत्या बाजूचा होता? तो दोन्ही बाजूंचा होता. विरोध करणारे मराठवाड्याच्या अस्मितेचा हवाला देत होते, मागणी करणारे दलित अस्मितेचा. अशा स्थितीत ‘नामांतराचा संघर्ष हा अस्मितांचा संघर्ष होता’ असे वाक्य प्रबंधात लिहिणे म्हणजे उभय पक्षांच्या भाषेचा पुनरुच्चार करणे होय. त्याने काहीच उलगडत नाही. किंबहुना त्याने एक गोष्ट झाकली जाते : एका बाजूला नावाचा प्रश्न होता आणि दुसऱ्या बाजूला नावाबरोबरच घराचा व जिवाचाही. दोहोंना एकच भाववाचक नाम लावले की त्यांत समतोल असल्याचा आभास निर्माण होतो.

भाषिक पुरावा ह्याहून अधिक काही सांगतो. चळवळीचा शब्द होता ‘नामांतर’, म्हणजे दुसरे नाव. १९९४ साली प्रत्यक्षात जे घडले त्याला ‘नामविस्तार’ हा शब्द योजण्यात आला : जुने नाव कायम ठेवून त्याआधी नवे नाव जोडले गेले आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा सामासिक नामोल्लेख सिद्ध झाला. आजही चळवळीची आठवण ‘नामांतर आंदोलन’ म्हणून निघते व १४ जानेवारी हा ‘नामविस्तार दिन’ म्हणून पाळला जातो. एकाच घटनेचे हे दोन शब्द कोण, कोणत्या प्रसंगी, कोणासमोर वापरतो ह्याची नोंद हा खरा अभ्यासाचा विषय आहे. शहराच्या नावाविषयीही हेच म्हणता येईल. २०२३ साली औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. एखादा निवेदक मुलाखतीत ह्यांपैकी कोणते नाव घेतो, आणि मुलाखत घेणाऱ्याचे नाव कळल्यावर ते बदलतो काय, हे अभ्यासकाने टिपले पाहिजे. प्रश्नावलीतील रकान्यात ते सापडणार नाही.

३

रकान्यांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सुमारे २८ लाख झाली. मधल्या काळात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरचे धर्मांतर झाले होते. ह्या वाढीचा अर्थ उघड आहे. परंतु त्याच माणसांना राज्याच्या सवलतींच्या कागदपत्रांत ‘नवबौद्ध’ हा निराळा शब्द मिळाला. अनुसूचित जातींच्या केंद्रीय व्याख्येत बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. तोपर्यंत धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिणाऱ्याला केंद्राच्या सवलतींसाठी जातीच्या रकान्यातील जुने नावच उपयोगी पडत होते. गावात जुने जातिनाम चालू राहिले. साहित्यात व चळवळीत ‘दलित’ हा शब्द आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस येथूनच निघू लागलेल्या आणि गंगाधर पानतावणे ह्यांनी दीर्घकाळ संपादिलेल्या ‘अस्मितादर्श’ ह्या नियतकालिकाने त्या साहित्याला व्यासपीठ दिले.

आता एखाद्या विद्यार्थ्याने प्रश्न केला की ह्या चार नावांपैकी खरी अस्मिता कोणती, तर तो प्रश्नच चुकीचा ठरेल. प्रत्येक नाव एका श्रोत्यासाठी आहे. एक तहसील कचेरीतील कारकुनासाठी, एक प्रगणकासाठी, एक गावच्या लोकांनी लादलेले, एक वाचकांसाठी व सहप्रवाशांसाठी. माणूस तोच; बदलतो तो समोरचा. म्हणून ‘तू कोण आहेस’ ह्या प्रश्नाच्या उत्तराबरोबर ‘कोणी विचारले’ ह्याची नोंद नसेल, तर ते उत्तर सामग्री म्हणून निम्मेच उरते.

४

येथपर्यंत नामांचा विचार झाला. परंतु मराठी माणसाच्या समूहजाणिवेचा सर्वांत विश्वसनीय पुरावा नामांत नसून सर्वनामांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनासाठी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही उद्या पैठणला जाणार आहोत’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला आपण त्यांत नाही हे सांगावे लागत नाही. ‘आपण उद्या पैठणला जाऊ’ म्हटले, की तो त्यांत आला. पहिले श्रोत्याला वगळणारे, दुसरे श्रोत्याला सामावून घेणारे. आपल्या शालेय व्याकरणांत ‘आपण’ची ओळख मुख्यतः आत्मवाचक सर्वनाम म्हणून करून दिली जाते, त्यामुळे हा भेद रोज बोलूनही आपल्या ध्यानात येत नाही. प्रमाण हिंदीत दोहोंसाठी ‘हम’ आहे, इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द आहे. तमिळ व तेलुगू ह्या द्राविडी भाषांत मात्र असा भेद आहे. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या आप्तसंबंधपद्धतींमधील संक्रमणाचा प्रदेश असल्याचे दाखविले होते. सर्वनामांच्या बाबतीतही मराठी अशीच मध्ये उभी आहे.

ह्या सर्वनामांना ‘-त’ हा प्रत्यय लागला की विषय थेट समाजशास्त्राच्या अंगणात येतो. ‘आमच्यात हुंडा घेत नाहीत.’ ‘तुमच्यात मामाची मुलगी चालते का?’ ‘ते आपल्यातलेच आहेत.’ ही वाक्ये मराठी घरांत कोणी ऐकली नाहीत? ह्यांपैकी एकाही वाक्यात जातीचे नाव नाही, ‘जात’ हा शब्दही नाही. तरी जातीशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. ज्याला ‘तुमची जात कोणती’ असे विचारले असता संकोच वाटतो, किंवा जो ‘आम्ही जात मानत नाही’ असे मनापासून सांगतो, तोही दोन वाक्यांनंतर ‘आमच्यात’ म्हणतो. येथे तो खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही. नामाच्या पातळीवर त्याने जे नाकारले ते विभक्तीच्या पातळीवर टिकून आहे, एवढेच.

शिवाय ‘आमच्यात’ आणि ‘आमच्याकडे’ ह्यांतही भेद आहे. ‘आमच्याकडे’ने बहुधा घर, गाव वा प्रदेश सुचविला जातो : ‘आमच्याकडे मराठवाड्यात ज्वारीची भाकरी’. ‘आमच्यात’ने सदस्यत्व सुचविले जाते. विवाहित स्त्री माहेरच्या व सासरच्या रीतींविषयी बोलताना ह्या दोहोंची जी निवड करते, ती लग्नानंतर तिचा समूह कोणता झाला ह्याविषयी कोणत्याही थेट प्रश्नापेक्षा अधिक सांगून जाईल. ह्या शहरातील दखनी वळणाच्या बोलण्यातही ‘हमारे में’ व ‘अपने में’ अशी रचना कानी येते. तिचा तौलनिक अभ्यास येथील विद्यार्थ्याने करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

हा केवळ तर्क नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन ह्यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू ह्या भाषा पिढ्यानुपिढ्या शेजारी नांदत होत्या आणि त्यांची वाक्यरचना परस्परांशी इतकी जुळत गेली होती की बव्हंशी शब्दास शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येत होते. तेथील उर्दूत मराठीप्रमाणेच श्रोत्याला वगळणारे व सामावणारे ‘आम्ही’ असा भेदही आला होता. तथापि घरातील भाषा निराळ्याच राहिल्या; शब्दसंग्रह एक झाला नाही. चावडीवरचा व्यवहार एका व्याकरणाने, चुलीपाशी मात्र ज्याची त्याची भाषा. फ्रेडरिक बार्थ ह्यांनी १९६९ साली मांडले होते की समूहाची ओळख त्याच्या सांस्कृतिक ऐवजापेक्षा तो राखीत असलेल्या सीमेवर अधिक अवलंबून असते. कुपवाड हे त्याचे आपल्या प्रदेशातील उदाहरण होय. ऐवज जवळजवळ समान झाला, सीमा राहिली.

५

आता ह्या पुराव्याचे आपल्या प्रबंधांत काय होते ते पाहू. मुलाखत मराठीत होते. विद्यार्थी ती उतरवून घेतो, आणि प्रबंध इंग्रजीत असेल तर तिचे भाषांतर करतो. त्या क्षणी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ एक होतात. प्रबंध मराठीत असला तरी सैद्धांतिक चौकट इंग्रजी ग्रंथांतून आलेली असल्यामुळे विद्यार्थ्याचे लक्ष त्या भेदाकडे जात नाही. तो ‘समूहभावना तीव्र आढळली’ असे लिहून मोकळा होतो.

समजा, वस्तीतील एक वृद्ध निवेदक तासभर ‘आम्ही’ म्हणत बोलला. ‘आम्ही लाँग मार्चला गेलो’, ‘आम्ही हे सोसले’. समोर बसलेली विद्यार्थिनी दुसऱ्या समाजातील आहे. ह्या ‘आम्ही’ने तो आपल्या समूहाचे वर्णन जितके करतो तितकेच तिला सांगतो की हे तुमचे नव्हते. मुलाखतीच्या उत्तरार्धात तो एकदम म्हणाला, ‘आता आपण काय केले पाहिजे’, तर तेथे काहीतरी घडले आहे. त्याने तिला आत घेतले, किंवा निदान घेऊन पाहिले. भाषांतरात ही दोन्ही वाक्ये एकाच कर्त्याची होतात आणि मुलाखतीतील सर्वांत महत्त्वाची घटना कागदावरून पुसली जाते. गोपाळ गुरू ह्यांनी २००२ च्या निबंधात भारतीय सामाजिक शास्त्रांतील एका विषम श्रमविभागणीवर बोट ठेवले होते : काहींनी अनुभव पुरवावयाचा आणि इतरांनी सिद्धांत मांडावयाचा. मूळ सर्वनाम पुसून टाकणारा प्रबंध ही विभागणी नकळत आणखी पक्की करतो, कारण निवेदकाने स्वतः आखलेली सीमा त्यात उरत नाही आणि अभ्यासकाने आखलेली तेवढी उरते.

ह्यावरून ‘आपण’ हे उदार आणि ‘आम्ही’ हे संकुचित, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. ‘आपण’ श्रोत्याला त्याची अनुमती न विचारता सामावून घेते. व्यासपीठावरून ‘आपण सारे’ म्हणणारा वक्ता ज्यांना त्यात घेतो त्यांना तसे वाटत असेलच असे नाही. जमीनदार आपल्या सालगड्याला ‘आपलाच माणूस’ म्हणतो तेव्हा तेथे आपुलकी असू शकते, मालकीही असू शकते. बहुधा दोन्ही असतात. उलट, ज्यांना शतकानुशतके दुसऱ्यांनी नावे दिली त्यांनी ठामपणे ‘आम्ही’ म्हणणे ही मुक्तीची पहिली पायरी असू शकते. रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन ह्यांनी १९६० साली द्वितीयपुरुषी सर्वनामांतून सत्ता व जवळीक कशी व्यक्त होते हे दाखविले. मराठीत हा अभ्यास प्रथम पुरुषापर्यंत नेता येतो आणि तो नेला पाहिजे.

६

ह्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. समाजशास्त्राचा अभ्यासक म्हणेल की सर्वनामे हा पृष्ठभाग झाला. माणसाची ओळख ठरते ती जमिनीच्या मालकीने, श्रमाच्या विभागणीने, विवाहाच्या नियमांनी आणि वेळप्रसंगी हिंसेने. १९७८ साली ज्यांची घरे जळाली त्यांना कोणी ‘तुम्ही स्वतःला काय म्हणता’ असे विचारले नव्हते. हा आक्षेप खरा आहे. लादलेल्या ओळखीपुढे स्वतः निवडलेले सर्वनाम दुबळे ठरते, आणि भाषाविज्ञान त्या बळाचे मोजमाप करू शकत नाही. वस्ती गावाच्या कोणत्या दिशेला आहे, सातबारावर कोणाचे नाव आहे, पाणवठा कोणता आहे ह्यांची नोंद सर्वनामांच्या नोंदीने भरून निघणार नाही.

परंतु हा आक्षेप ‘अस्मिता’ ह्या संज्ञेला वाचवीत नाही. उलट तिच्याविरुद्धच जातो. लादलेली ओळख आणि उच्चारलेली ओळख ह्या दोन भिन्न गोष्टी असतील, तर त्यांना एका शब्दाखाली ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. पहिलीसाठी दाखले, जनगणना, जमिनीच्या नोंदी व न्यायालयीन कागदपत्रे पाहावीत. दुसरीसाठी माणसाचे बोलणे ऐकावे, आणि ते त्याच्याच व्याकरणात ऐकावे. दोहोंमध्ये जे अंतर पडेल तेच अभ्यासाचे खरे क्षेत्र. प्रगणकाला ‘बौद्ध’ सांगणारा, अर्जावर ‘नवबौद्ध’ लिहिणारा आणि मुलीचे स्थळ पाहताना ‘आपल्यातले’ शोधणारा मनुष्य ह्या तीन कृतींत विसंगत नाही. त्या तीन कृतींमागे तीन निरनिराळ्या सत्ता उभ्या आहेत, आणि त्यांचा उलगडा करणे हे समाजशास्त्राचे काम आहे.

ह्या दृष्टीने पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे काही साध्या सूचना ठेवाव्याशा वाटतात. प्रश्नावलीत ‘अस्मिता’ हा शब्द घालू नये. तो निवेदकाने वापरला तर कोणत्या वाक्यात वापरला ते लिहावे. प्रबंध कोणत्याही भाषेत असो, मुलाखतीचा मूळ मराठी वा दखनी मजकूर परिशिष्टात द्यावा व उद्धृत वाक्यांत ‘आम्ही’, ‘आपण’, ‘आमच्यात’, ‘आमच्याकडे’ ही रूपे भाषांतराशेजारी मूळ स्वरूपात ठेवावीत. मुलाखतीच्या वेळी कोण कोण उपस्थित होते, अभ्यासकाचे आडनाव व गाव निवेदकाला ठाऊक होते किंवा नाही, ह्याची नोंद करावी. कारण ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न बहुतेक वेळा निवेदकच आधी विचारतो आणि त्याच्या उत्तरावर पुढचे सारे बोलणे अवलंबून असते. एका सर्वनामाकडून दुसऱ्याकडे जाणे जेथे घडले तेथे काय विषय चालू होता, ते पाहावे.

ह्या सूचनांना वेगळे अनुदान लागत नाही, नवे तंत्रही लागत नाही. मराठी बोलता येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ हे साधन जन्मापासून आहे; इंग्रजी किंवा प्रमाण हिंदीतून विचार करणाऱ्या अभ्यासकाला ते प्रयासाने मिळवावे लागेल. आपल्या विद्यापीठांतील संशोधनाला स्वतःचे म्हणून जे काही जगापुढे ठेवता येईल त्यात ह्याची गणना व्हावयास हरकत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ‘तुमची सैद्धांतिक चौकट कोणती’ असे विचारण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. तिच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जावा : तुमचे निवेदक तुमच्याशी बोलताना ‘आम्ही’ म्हणाले की ‘आपण’, आणि ते तुम्ही कोठे नोंदविले आहे?